फोनने रंग वाचायला घेतला तेव्हा

भिवंडीतला कापडाचा व्यवहार भिंगाशिवाय पुरा होत नाही. ग्रे कापडाचा ताका उलगडला की व्यापारी घडीचा पिक ग्लास काढून त्यावर उभा करतो, डोळा लावतो आणि एका इंचात आडवे धागे किती बसलेत ते मोजतो. ठरल्यापेक्षा पिक कमी निघाले तर भाव खाली येतो. सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासातला एक मोठा टप्पाही कापडाच्या दुकानातूनच गेला आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात अंटोनी व्हान लेव्हेनहूक कापड विकत असे. धागे तपासायच्या भिंगाचं त्याला वेड लागलं. काचेचा इवलासा मणी घासून, पितळेच्या दोन पत्र्यांमध्ये बसवून तो डोळ्याला लावायचा. १६७३पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं पाठवू लागला आणि तळ्याच्या पाण्यात, दातांच्या किटणात हलणारे जीव कसे दिसतात ते लिहू लागला. त्याची उपकरणं तळहातात मावत.

लहान भिंग, जवळ धरलेला डोळा आणि पुरेसा उजेड एवढ्यावर ही विद्या उभी राहिली. पुढे सूक्ष्मदर्शक मोठा झाला, जड झाला, प्रयोगशाळेच्या टेबलावर जाऊन बसला. तो पुन्हा हातात आणण्याची धडपड गेल्या पंधरा-वीस वर्षांत फोनच्या कॅमेऱ्याभोवती झाली. त्या धडपडीचा एक मोलाचा अध्याय भिवंडीच्या शेजारच्या पट्ट्यात सुरू झाला. तो नीट सांगायचा तर थोडं मागून यावं लागतं.

उष्ण प्रदेशात सूक्ष्मदर्शक घेऊन फिरणं म्हणजे काय, हे रोनाल्ड रॉसने भोगलं होतं. भारतीय वैद्यकीय सेवेतल्या या डॉक्टरने प्रवासात नेता येईल असा छोटा सूक्ष्मदर्शक स्वतः आखून लंडनमध्ये बनवून घेतला होता. १८९७च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादजवळ बेगमपेटला तो डास चिरत बसला होता. पंखा ओढता येत नव्हता, कारण वाऱ्याने चिरलेले डास उडून जात. कपाळावरच्या आणि हातांवरच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, शेवटच्या नेत्रभिंगाला तडा गेला होता. हुसेन खान नावाचा मलेरियाचा रुग्ण डासांना चावू देत होता आणि दर डासामागे एक आणा घेत होता. २० ऑगस्टला रॉसला डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या. १९०२ साली त्याला नोबेल मिळालं.

परजीवी कुठे असतो हे कळल्यावर शंभर वर्षं ताप तपासायची रीत फारशी बदलली नाही. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, ती रंगवायची आणि प्रशिक्षित माणसाने भिंगाखाली एकेक क्षेत्र पाहत जायचं. क्षयासाठी रक्ताच्या जागी बेडका, एवढाच फरक. खरा अडसर त्या प्रशिक्षित माणसाचा होता. सरकारी निकषानुसार सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे लॅब टेक्निशियनचं पद असतं, ते भरलेलं असेलच असं नाही. पाड्यावरून गोळा केलेल्या काचपट्ट्या केंद्रात येतात, साचतात, निकाल परत जाईपर्यंत रुग्णाचा ताप उतरलेला असतो किंवा वाढलेला असतो.

हिमोग्लोबिनची गोष्ट आणखी नाजूक. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांत वर्षानुवर्षं साहली पद्धत चालत आली. आम्लाच्या थेंबांत रक्त घातलं की ते तपकिरी होतं. मग त्यात थेंब थेंब पाणी घालत जायचं आणि बाजूच्या तपकिरी काचेशी रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. रंग जुळला की नाही हे नर्सबाईच्या डोळ्यांनी ठरवायचं. उजेड कसा आहे, रांग किती लांब आहे, डोळे किती थकलेत, यावर तो आकडा हलतो. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर रक्तक्षय, ७च्या खाली असेल तर तो तीव्र. साडेसहा आणि साडेआठ यांतला फरक म्हणजे रुग्णालयात पाठवायचं की गोळ्या देऊन घरी, हा फरक. बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर मुळात रक्त कमी असलेल्या बाईला सावरायला वेळ मिळत नाही.

शिरसाडहून अंबाडीकडे जाणारा रस्ता वसई तालुक्यातल्या पारोळवरून जातो आणि वज्रेश्वरीपाशी भिवंडी तालुक्यात शिरतो. गरम पाण्याच्या कुंडांना जाणाऱ्या भाविकांना तो ठाऊक आहे. मुंबई इथून फार दूर नाही, पण आरोग्यसेवेच्या हिशेबात ती खूप दूर आहे. या पारोळला डॉ. अभिषेक सेन यांनी ग्रामीण भागात डॉक्टरकी करताना जे पाहिलं, तिथून पुढची गोष्ट सुरू होते. बाळंतपणातल्या मृत्यूच्या मागे वेळेत न मोजलेला रक्तक्षय असतो आणि तो मोजण्याचं साधन हवं तिथे नसतं, ही ती बोच. त्यांचे मित्र मिश्किन इंगवले तिथे गेले. डॉ. योगेश पाटील आणि अमन मिधा सोबत आले आणि मुंबई-ठाण्याच्या परिसरात बायोसेन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी उभी राहिली.

त्यांना सुई नको होती. बोटाला चिमटा लावायचा, त्यातून प्रकाश पाठवायचा आणि पलीकडे किती पोचला त्यावरून हिमोग्लोबिन सांगायचं, अशी कल्पना होती. तिचं मूळ जपानमध्ये आहे. ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४च्या सुमारास पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं होतं. रक्तातलं ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्याबरोबर होणारा बदल तेवढा वेगळा काढला की दोन्हींचं गुणोत्तर मिळतं. गुणोत्तर मिळवणं त्यातल्या त्यात सोपं, कारण बोट जाड असो की बारीक, दोन्ही प्रकाशांना तेच बोट ओलांडायचं असतं. हिमोग्लोबिन एकूण किती, हे सांगायला मात्र प्रकाश किती रक्तातून गेला ते कळावं लागतं. तिथे बोटाची जाडी, त्वचेचा रंग, चिमट्याचा दाब, थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्या आणि बोटावरची मेंदी हे सगळं हिशेबात येतं. म्हणूनच बत्तीस वेळा प्रयोग करावे लागले, असं इंगवले यांनी २०१२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला टेडच्या व्यासपीठावर सांगितलं. हातात मावणारं टच-एचबी हे उपकरण तिथे दाखवलं गेलं. पारोळचं नाव त्या सभागृहात उच्चारलं गेलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. आपल्या जिल्ह्यातलं आरोग्य केंद्र एरवी कुठल्या जागतिक नकाशावर नसतं.

त्याच सुमारास जगात इतरत्र लोक फोनकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले होते. फोनमध्ये तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: प्रकाश टिपणारी चकती, हिशेब करणारा संगणक आणि निकाल पाठवणारी तार नसलेली तार. प्रयोगशाळेत या तिन्ही वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागत. शिवाय कोट्यवधी फोन विकले जात असल्याने प्रत्येक सुट्या भागाची किंमत कोसळत होती. कुठल्याही वैद्यकीय उपकरण कंपनीला एवढा स्वस्त आणि एवढा चांगला कॅमेरा स्वतः बनवता आला नसता.

२००९ साली बर्कलीतल्या डॅनियल फ्लेचर यांच्या प्रयोगशाळेने नोकिया एन७३ या साध्या फोनला सूक्ष्मदर्शकाची भिंगं जोडली आणि मलेरियाच्या परजीवीने ग्रासलेल्या, तसंच सिकल सेल आजारात कोयत्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी फोनच्या पडद्यावर दाखवल्या. क्षयाचे जंतू विशिष्ट प्रकाशात चमकवून संगणकाकडून मोजूनही घेतले. सेलस्कोप नावाने हे काम गाजलं. २०१३ साली आयझॅक बोगोच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या पेंबा बेटावर आणखी साधा प्रयोग केला. आयफोनच्या कॅमेऱ्यावर तीन मिलिमीटरचा काचेचा मणी दुतर्फी चिकटपट्टीने बसवला, खालून विजेरी धरली आणि मुलांच्या शौचाचे १९९ नमुने जंतांच्या अंड्यांसाठी तपासले. लेव्हेनहूकचा मणी साडेतीनशे वर्षांनी फोनला चिकटला होता. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला जे नमुने बाधित दिसले, त्यातले सुमारे ६९ टक्के फोनने पकडले. मोठ्या गोल जंतासाठी हा आकडा ८१ टक्के होता, तर अंकुशकृमीसाठी जेमतेम १४. अंकुशकृमी रक्त पितो, आपल्याकडच्या अनवाणी शेतमजूर बायांच्या रक्तक्षयामागे तोही असतो. ज्याला पकडायची निकड सर्वात मोठी, तोच हातून निसटत होता.

मेरठमध्ये जन्मलेल्या आणि आयआयटी कानपूरमधून शिकून स्टॅनफर्डला गेलेल्या मनू प्रकाश यांनी २०१४ साली जिम सायबुल्स्की यांच्यासोबत फोल्डस्कोप हा कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक प्रसिद्ध केला. फोल्डस्कोपचा सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत होता आणि चुंबकाने तो फोनला चिकटत असे. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१५ साली त्यांच्याशी करार केला आणि देशभरातल्या शाळा-महाविद्यालयांत तो पोचवला. मलेरिया तपासायचं साधन म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण त्याचं खरं यश वर्गात आहे. परागकण, मुंगीचा पाय, साचलेल्या पाण्यातले जीव मुलांनी स्वतः पाहिले. खेड्यातल्या मलेरियाची तपासणी मात्र फोनने बदलली नाही, ती बदलली एका साध्या पट्टीने. २०१३पासून भारताच्या मलेरिया कार्यक्रमात मलेरियाचे दोन्ही मुख्य प्रकारचे परजीवी ओळखणाऱ्या जलद तपासणी किटचं धोरण आलं. आशाताईच्या पिशवीत ते किट असतं, रेघ उमटली की मलेरिया. सूक्ष्मदर्शक सोबत नेण्याची रॉसची अडचण अशी भिंगाशिवायच सुटली.

पट्टीला रंग वाचणारा डोळा लागतो, आणि बायोसेन्सच्या मंडळींची दुसरी झेप तिथेच होती. लघवीच्या पट्टीचा शोध जुना आहे. अमेरिकेतल्या माइल्स लॅबोरेटरीजमध्ये हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दाम्पत्याने १९५६ साली साखर दाखवणारी पट्टी बाजारात आणली आणि लघवी उकळून तपासण्याचे दिवस संपत आले. पुढे एका पट्टीवर दहा चौकोन आले: साखर, प्रथिनं, कीटोन, रक्त, नायट्राइट, पांढऱ्या पेशी वगैरे. प्रत्येक चौकोन ठरावीक वेळी वाचायचा, साखरेचा अर्ध्या मिनिटाने तर पांढऱ्या पेशींचा दोन मिनिटांनी. आणि डबीवरच्या रंगतक्त्याशी ताडून पाहायचं. गरोदर बाईच्या लघवीत प्रथिनं दिसली आणि रक्तदाब चढलेला असला, तर बाई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका आहे हे आधी कळतं. पिवळा चौकोन हिरवट झाला की नाही, एवढाच प्रश्न. सकाळच्या ओपीडीच्या गर्दीत ट्यूबलाइटखाली तो किती वेळा चुकीचा वाचला जात असेल, याची नोंद कोणी ठेवत नाही. मोठ्या रुग्णालयांत या पट्ट्या यंत्र वाचतं, पण ते महाग.

इंगवले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वाचन आयफोनवर सोपवलं. ॲपचं नाव यूचेक. अडचण अशी की फोनचा कॅमेरा खरे रंग दाखवायला बनवलेलाच नसतो. चेहरे उजळ दिसावेत, पिवळ्या दिव्याखालचं जेवणही छान दिसावं, म्हणून तो प्रत्येक छायाचित्रातले रंग आपल्या मनाने बदलतो. वैद्यकीय तपासणीत हीच सुधारणा घात करते. दुपारच्या उन्हात आणि संध्याकाळच्या दिव्याखाली तोच हिरवा चौकोन दोन वेगळे आकडे देऊ शकतो. त्यावर तोडगा म्हणून त्यांनी छापील पट तयार केला. पटावर ठरलेले रंग आधीच छापलेले, पट्टी त्यावर ठेवायची आणि छायाचित्र काढायचं. छापलेले रंग किती सरकलेत हे फोन आधी ओळखतो आणि तेवढ्याच हिशेबाने पट्टीचे रंग दुरुस्त करून वाचतो. कुठला चौकोन कधी वाचायचा, हे घड्याळही तोच सांभाळतो. या संपूर्ण कथेतलं मला सर्वात शहाणं वाटणारं पाऊल हेच आहे. महाग कॅमेऱ्याच्या जागी त्यांनी छापील कागद ठेवला, आणि आधी मोजमापाचा पाया घातला.

२०१३च्या फेब्रुवारीच्या अखेरीस यूचेक लाँग बीचला टेडमध्ये दाखवलं गेलं. ॲप एका डॉलरला, पट आणि पट्ट्यांचा संच वीसेक डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने हजार-अकराशे रुपयांना. पट्ट्या त्यांच्या नव्हत्या, सीमेन्स आणि बायरसारख्या कंपन्यांच्या आधीपासून मान्य असलेल्या होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात महागड्या यंत्राशी तुलना सुरू असल्याचं सांगितलं गेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलली.

आणि मग २१ मे २०१३ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं पत्र आलं. पत्राचा सूर सौम्य होता, आशय ठाम होता. तुम्ही वापरता त्या पट्ट्यांना मान्यता आहे, पण ती माणसाने डोळ्यांनी वाचण्यासाठी. फोनकडून वाचून घ्यायचं असेल तर फोन, ॲप आणि पट्टी मिळून ते स्वयंचलित वाचनयंत्र ठरतं, आणि त्या संपूर्ण व्यवस्थेला नवी मान्यता लागेल. ती तुम्ही घेतली आहे का, किंवा लागत नाही असं का वाटतं, ते कळवा. वैद्यकीय ॲप बनवणाऱ्याला असं पत्र जाण्याची ती पहिलीच जाहीर वेळ मानली गेली. फोनचं ॲप हे वैद्यकीय उपकरण कधी ठरतं, याचा मसुदा या प्रशासनाने २०११च्या जुलैत काढला होता, तरी अंतिम नियम यायचे होते. ते पत्रानंतर चार महिन्यांनी, सप्टेंबर २०१३मध्ये आले. फोनला मान्यतेच्या कक्षेतल्या उपकरणाचं रूप देणारी ॲप्स त्यांत नियमाखाली आली, बाकी बहुतेक मोकळी राहिली.

आपल्याकडच्या अनेकांना त्या वेळी हे पत्र अन्यायाचं वाटलं. छोट्या भारतीय चमूने स्वस्त साधन बनवलं आणि बड्या देशाच्या कचेरीने पाय ओढले, अशी ती भावना. मी ती समजू शकतो, पण पत्र मुळात बरोबर होतं असंच माझं मत आहे. चूक आकडा देणारं साधन न तपासण्यापेक्षा वाईट असतं, कारण न तपासलेल्या बाईबद्दल डॉक्टरच्या मनात शंका तरी शिल्लक राहते. पत्राने विचारलेला प्रश्न साधा होता: डोळ्याच्या जागी फोन आणलात, तर फोन डोळ्याइतका चांगला आहे हे कशावरून? या प्रश्नाचं उत्तर देण्याचा खर्च छोट्या कंपनीला पेलणं कठीण असतं, हे दुःख खरं आहे. त्याचा दोष प्रश्नाकडे जात नाही. आपल्याकडे त्या काळी हा प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम भारतात १ जानेवारी २०१८पासून लागू झाले आणि रोगनिदान करणाऱ्या सॉफ्टवेअरसह सर्व उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली ती १ एप्रिल २०२०पासून. ठाणे जिल्ह्यातल्या रुग्णासाठी बनवलेल्या साधनाची परीक्षा घ्यायला वॉशिंग्टनला पुढे यावं लागलं, हे आपल्या व्यवस्थेचं उणेपण आहे.

पाच वर्षांनी तोच विचार दुसऱ्यांच्या हातून वैध ठरला. इस्रायलची हेल्दी डॉट आयओ ही कंपनी २०१३ सालीच निघाली. तिचीही तीच मांडणी: पट्टी, रंग छापलेला पट आणि फोन. तिने चाचण्या करून २०१८ साली त्याच प्रशासनाकडून मान्यता मिळवली. विचार चुकीचा नव्हता हे त्यातून सिद्ध झालं. पुरावा गोळा करायला लागणारी चिकाटी, माणसं आणि पैसा कोणाकडे होता, एवढाच फरक उरला.

सुईशिवाय हिमोग्लोबिन मोजण्याचं कोडं मात्र अजून तेवढंच चिवट आहे. २०१८च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या विल्बर लॅम आणि रॉब मॅनिनो यांनी नखांचं छायाचित्र घेऊन फोनने हिमोग्लोबिन सांगण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नखाखालच्या भागात रंगद्रव्य कमी, म्हणून नखं निवडली. चुकीची मर्यादा सुमारे २.४ ग्रॅमची. म्हणजे फोनने ९ सांगितलं तर खरा आकडा साडेसहाच्या जवळ असू शकतो किंवा ११च्या वर. एकाच माणसाचे आकडे आधी प्रयोगशाळेशी जुळवून घेतले तर चूक एक ग्रॅमच्या आत येते, पण दारात आलेल्या अनोळखी गरोदर बाईच्या बाबतीत तशी सोय नसते.

डोळ्यांच्या बाबतीत मुंबईत खूपच पुढची मजल गाठली गेली. मधुमेहाने दृष्टिपटलावर होणारी इजा रुग्णाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. २०१८च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत नेत्रतज्ज्ञ डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी बंगळूरच्या रेमिडिओ कंपनीचा फोनवर बसवलेला कॅमेरा वापरला. असा कॅमेरा आधी कधी हाताळला नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याने छायाचित्रं काढली आणि इंटरनेट नसतानाही फोनमधल्या प्रणालीने तिथेच निर्णय दिला. २१३ रुग्णांचे निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवेत असे सगळे रुग्ण फोनने ओळखले, आणि ज्यांना पाठवायची गरज नव्हती त्यांतल्या ८८.४ टक्क्यांना बरोबर घरी सोडलं. असे गंभीर रुग्ण मुळात पंधराच असल्याने शंभर टक्क्यांचा आकडा जपून वापरावा लागतो. तरीही काम ज्या ठिकाणी झालं ते महत्त्वाचं आहे. वर्दळीचा पालिका दवाखाना, साधा कर्मचारी आणि गरीब रुग्ण. प्रयोगशाळेतली आदर्श स्थिती तिथे नव्हती.

मग आली करोनाची साथ. १५ सप्टेंबर २०२०पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक ऑक्सिमीटर घेऊन राज्यभर घरोघर फिरले. भिवंडीच्या दाटीवाटीच्या वस्त्यांत, यंत्रमागांच्या गाळ्यांजवळच्या खोल्यांत बोटाला चिमटा लावून आकडा वाचणं लोकांच्या अंगवळणी पडलं. बोटातून प्रकाश पाठवून शरीराचं वाचन करण्याचं आओयागींचं तत्त्व असं गल्लीत पोचलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतून एक अभ्यास आला. रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असूनही ऑक्सिमीटरने ठीक दाखवल्याची उदाहरणं काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. सावळ्या बोटांच्या देशात या अभ्यासावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही. बत्तीस प्रयोगांत बायोसेन्सच्या मंडळींना छळणारा त्वचेच्या रंगाचा प्रश्न जगाला आठ वर्षांनी पुन्हा भेटला.

आज ऑनलाइन मागवलेले फोन मानकोली, दापोडे, काल्हेर, राहनाळच्या गोदामांतून मुंबई-नाशिक महामार्गावर चढतात आणि सर्वदूर जातात. फोन आता दुर्मीळ नाही. तो आरोग्य आणि पोषणाच्या कामात कसा वापरला जातो, हे मात्र २०२१च्या ऑगस्टमध्ये दिसलं. राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. ते तापत होते, बंद पडत होते, पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत होतं आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच पदरात पडत होता. रंग अचूक वाचणारं ॲप उद्या आलं, तरी ते याच हातांमध्ये यायचं आहे.

पारोळ १ ऑगस्ट २०१४पासून नव्या पालघर जिल्ह्यात गेलं. ज्या आजारावर ही सगळी धडपड सुरू झाली, त्याचा हिशेब राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दिला. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये रक्तक्षय २०१५-१६ साली ४८ टक्के होता, २०१९-२१मध्ये तो ५४.२ टक्के झाला. हे मोजमापही दोन्ही वेळा बोट टोचून, रक्ताच्या थेंबातून प्रकाश पाठवणाऱ्या हिमोक्यू यंत्राने केलं गेलं. म्हणजे प्रत्येक दुसरी बाई आजारी आहे हे सांगणारं प्रकाशयंत्र आपल्याकडे दोन्ही वेळा होतं. दोन्ही सर्वेक्षणांच्या मध्ये ॲप्स आली, नियम आले, नव्या कंपन्या निघाल्या. लोहाच्या गोळ्या गिळल्या जातात का, जंतांचं औषध वेळेवर मिळतं का, ताटात हिरवी भाजी आणि कडधान्य किती येतं, आणि हिमोग्लोबिन सहावर आलेल्या बाईला वज्रेश्वरी-अंबाडीच्या बाजूने भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा ठाण्यापर्यंत रक्त मिळण्याच्या जागी पोचायला किती तास लागतात, हे मोजण्याचं काम मात्र अजून आशाताईच्या वहीवर आणि तिच्या पायांवर आहे.